डार्करूम कुठे, कशाला आणि कशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्स-रे टेक्निशियन, वेल्डिंगची रेडिओग्राफी करणारे, लग्नपत्रिका छापणारे, प्रयोगशाळेतले विद्यार्थी आणि घरी फिल्म धुणारे हौशी लोक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर.

१. डार्करूम म्हणजे फोटो स्टुडिओतली लाल दिव्याची खोलीच ना?

ती डार्करूमच, पण एकाच प्रकारची. अंधार दोन वेगळ्या कारणांसाठी लागतो. पहिलं कारण म्हणजे हातातली वस्तूच प्रकाशाने बिघडते: फिल्म, ब्रोमाइड (फोटो छापायचा) पेपर, स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीवरचं इमल्शन, चिपवरचा फोटोरेझिस्ट (प्रकाशाने बदलणारा थर). दुसरं म्हणजे जे बघायचं ते इतकं मंद असतं की उजेडात दिसतच नाही: रक्ताचे डाग शोधणाऱ्या ल्युमिनॉलची निळी चमक, डोळ्याच्या पडद्यावरून परतणारा प्रकाश. पहिल्या प्रकारात आधी विचारायचं ते हे की या पदार्थाला कोणता रंग 'दिसतो'. दुसऱ्या प्रकारात विचारायचं ते हे की बघणाऱ्याचा किंवा रुग्णाचा डोळा अंधाराला किती सरावला आहे. हा भेद न करता खोली बांधली की पैसे वाया जातात. स्क्रीन प्रिंटिंग करणारा काळ्या भिंती आणि दुहेरी दार करून बसतो, त्याला खरं तर पिवळा दिवा आणि जाड पडदा पुरला असता.

२. सगळं डिजिटल झालं. मग आज डार्करूम लागते तरी कुणाला?

मोठ्या रुग्णालयांतून ती बरीचशी गेली, हे खरं. पण बॉयलर, पाइपलाइन आणि प्रेशर व्हेसलच्या वेल्डची तपासणी अजून मोठ्या प्रमाणावर फिल्मवर होते. लहान गावांतले एक्स-रे क्लिनिक आणि काही दंतवैद्य फिल्म वापरतात. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा, नेत्ररुग्णालयं, न्यायवैद्यक विभाग, स्क्रीन प्रिंटिंग आणि सेमीकंडक्टरच्या प्रयोगशाळा यांना अंधाराची किंवा रंगीत उजेडाची खोली आजही लागते. फिल्मवर छायाचित्रण करणारेही पुन्हा वाढत आहेत.

३. लाल दिवा कुठे चालतो आणि कुठे नाही?

'लाल दिवा सगळीकडे चालतो' या एका गैरसमजामुळे बरीच फिल्म वाया जाते, म्हणून जरा सविस्तर.

कृष्णधवल ब्रोमाइड पेपर निळ्या-हिरव्या प्रकाशालाच संवेदनशील असतो. त्याला लाल किंवा अंबर सेफलाइट (पेपर किंवा फिल्म न बिघडवणारा रंगीत दिवा) चालतो. कॅमेऱ्यात घालायची नेहमीची कृष्णधवल फिल्म पॅनक्रोमॅटिक असते, म्हणजे तिला लाल रंगही दिसतो. ती टाकीत भरताना पूर्ण काळोख हवा. टाकीचं झाकण लागलं की दिवे लावून पुढचं काम करता येतं. रंगीत फिल्मलाही पूर्ण काळोखच. रंगीत पेपरही काळोखातच हाताळावा.

एक्स-रे फिल्म दोन प्रकारची असते. निळ्याला संवेदनशील फिल्मला अंबर-तपकिरी फिल्टर (६बी) चालतो. हिरव्याला संवेदनशील ऑर्थो फिल्मला तो चालत नाही, तिला गडद लाल जीबीएक्स-२ फिल्टर लागतो. जीबीएक्स-२ दोन्हींना चालतो, म्हणून एकच घ्यायचा तर तोच घ्या. क्लिनिकने फिल्मची कंपनी बदलली आणि फिल्टर जुनाच ठेवला की दुसऱ्या दिवसापासून सगळे एक्स-रे करडे येऊ लागतात, आणि दोष मशीनला दिला जातो.

दिवा १५ वॉटपेक्षा मोठा नको आणि कामाच्या टेबलापासून निदान ४ फूट लांब हवा. बाजारातला लाल रंग दिलेला झिरोचा बल्ब म्हणजे सेफलाइट नव्हे. त्याच्या रंगातून निळा प्रकाश गळतो, आणि रंगाचा टवका उडाला की थेट पांढराच.

पूर्ण काळोखात हाताच्या सवयीवर किती काम होऊ शकतं, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. दादासाहेब फाळके १९१३ च्या सुमारास चित्रपट करत होते तेव्हा कच्च्या फिल्मच्या कडेला छिद्रं पाडण्याचं काम घरीच व्हायचं. ते अंधारात करावं लागे आणि सरस्वतीबाई ते करत.

४. आमचा सेफलाइट खरोखर सुरक्षित आहे का, हे कसं तपासायचं?

नुसती कोरी फिल्म दिव्याखाली ठेवून उपयोग नाही. आधी थोडा प्रकाश किंवा एक्स-रे लागलेली फिल्म सेफलाइटने जास्त लवकर काळवंडते, आणि प्रत्यक्ष कामात तशीच फिल्म हातात असते. म्हणून:

पूर्ण काळोखात, अगदी हलकं एक्स्पोजर दिलेली फिल्म किंवा पेपर नेहमीच्या जागी टेबलावर ठेवा. जाड पुठ्ठ्याने सगळी झाका. सेफलाइट लावा. पुठ्ठा टप्प्याटप्प्याने सरकवत एक पट्टा १ मिनिट, पुढचा २, पुढचा ४, शेवटचा ८ मिनिटं उघडा राहील असं करा, आणि एक पट्टा शेवटपर्यंत झाकलेलाच ठेवा. दिवा बंद करून काळोखातच डेव्हलप करा. झाकलेल्या पट्ट्याच्या तुलनेत फरक कोणत्या मिनिटाला दिसू लागला ते बघा. तुम्हाला फिल्म हाताळायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळेपर्यंत फरक दिसता कामा नये. घरच्या कामाला पुठ्ठ्याऐवजी पेपरवर नाणं ठेवून सात-आठ मिनिटांनी धुतलं तरी चालतं. नाण्याचा फिकट गोल उमटला तर सेफलाइट बदला.

फिल्टर वर्षानुवर्षांत विरतो, तडे जातात. ही चाचणी सहा महिन्यांतून एकदा करावी आणि फिल्मचा प्रकार बदलला की लगेच.

५. खोली पुरेशी अंधारी झाली हे कसं कळेल? भिंती काळ्याच रंगवायच्या का?

दिवसाउजेडी, बाहेरचे सगळे दिवे लावून, आत १५ मिनिटं बसा. पहिल्या मिनिटाला काही दिसत नाही, त्यावर विश्वास ठेवू नका. दहाव्या मिनिटानंतर दाराच्या फटी, कुलपाचं भोक, एक्झॉस्टची पाती, पाइप जिथे भिंतीत शिरतो ती जागा, एकेक गळती दिसू लागते. दाराच्या चौकटीला फेल्टची किंवा काळ्या रबराची पट्टी, एक्झॉस्टला दोन वळणांचं काळं खोकं, एवढ्याने बहुतेक खोल्या दुरुस्त होतात.

आतल्या वस्तूही बघा: एसीचा आकडा, स्टॅबिलायझरचा एलईडी, चार्जर, स्मार्टवॉच. मोबाइल बाहेर ठेवणं हाच नियम असावा. ट्यूब किंवा सीएफएल वापरू नका, बंद केल्यावरही त्यांच्या आतला थर काही वेळ मंद चमकत राहतो.

भिंती काळ्या नकोत. सेफलाइटचा प्रकाश सुरक्षित असेल तर तो फिकट भिंतीवरून परतलेलाही सुरक्षितच असतो, आणि काम करणाऱ्याला जास्त दिसतं. काळा मॅट रंग फक्त दोन ठिकाणी: एन्लार्जरच्या (निगेटिव्ह मोठी करून पेपरवर पाडणाऱ्या यंत्राच्या) आसपास आणि वळणावळणाच्या प्रवेशमार्गात. त्या मार्गात हाताच्या उंचीवर एक पांढरा पट्टा ओढला की माणसं धडकत नाहीत.

एक्स-रे विभागातल्या डार्करूमला आणखी एक अट आहे. एक्स-रेचा थेट झोत किंवा विखुरलेले किरण तिथे पोचता कामा नयेत. नाहीतर फिल्म डब्यातच काळवंडते आणि आत काम करणाऱ्यालाही किरणांची मात्रा लागते. कॅसेट देवाणघेवाणीच्या खिडकीला शिशाचं अस्तर असावं आणि तिची दोन्ही दारं एकाच वेळी उघडू नयेत.

६. हाताने एक्स-रे फिल्म धुण्याचा बरोबर क्रम आणि वेळ काय?

डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) २० अंश सेल्सिअसला ५ मिनिटं. फिल्म हँगरवर ताणून बुडवली की लगेच दोन-तीनदा टाकीच्या कडेवर ठोका, म्हणजे हवेचे बुडबुडे सुटतात. मग दर मिनिटाला एकदा हलवा. बाहेर काढून निथळू द्या, पण जुना डेव्हलपर पुन्हा टाकीत निथळवत बसू नका. पाण्यात किंवा स्टॉप बाथमध्ये (डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या द्रावणात) ३० सेकंद. फिक्सरमध्ये (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनात), फिल्मचा दुधी रंग जाऊन ती पारदर्शक व्हायला जितका वेळ लागला त्याच्या निदान दुप्पट, साधारण ५ ते १० मिनिटं. वाहत्या पाण्यात २० मिनिटं. धूळ नसलेल्या जागी वाळवा. पांढरा दिवा दुधी रंग पूर्ण गेल्यावरच लावा.

सर्वांत वाईट सवय म्हणजे 'डोळ्याने बघून' काढणं: एक्स्पोजर जास्त द्यायचं आणि फिल्म काळी होताना दिसली की दोन मिनिटांत उपसायची. अशा फिल्ममध्ये कॉन्ट्रास्ट येत नाही, बारीक फ्रॅक्चर हरवतं आणि रुग्णाला गरज नसलेली मात्रा मिळते. घड्याळ आणि थर्मामीटर हीच दोन साधनं खरी.

ऑटोमॅटिक प्रोसेसरला हे आकडे लागू नाहीत. तिथे डेव्हलपर ३३ ते ३५ अंशांवर चालतो आणि कोरडी फिल्म सुमारे ९० सेकंदांत बाहेर येते. ती रसायनं वेगळी असतात, हाताच्या टाकीत ओतू नका.

७. मे महिन्यात टाकी ३२ अंशांवर जाते. डेव्हलपरमध्ये बर्फ टाकू का?

थेट नाही. बर्फ वितळून डेव्हलपर पातळ होतो आणि पुढचे सगळे आकडे चुकतात. टाक्या मोठ्या पाण्याच्या हौदात बसवा आणि बर्फ त्या हौदात टाका. घाईचं असेल तर बंद बाटलीत गोठवलेलं पाणी डेव्हलपरमध्ये बुडवून हलवा.

थोडंफार वाढलेलं तापमान वेळ कमी करून सांभाळता येतं. साधारण २१ अंशांना साडेचार मिनिटं, २२ ला चार, साडेचोवीसला तीन, साडेसव्वीसला अडीच. तुमच्या रसायनाच्या डब्यावरचा तक्ता वेगळा असेल तर तो खरा. २७ च्या वर जाऊ नका: जिलेटिन मऊ पडतं, हातात फिल्मचा थर निघतो आणि फॉग (फिल्मभर येणारा नकोसा करडेपणा) वाढतो. उलट हिवाळ्यात, पहाटे टाकी १५ च्या खाली गेली की डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोन जवळजवळ काम थांबवतं.

तिन्ही टाक्या आणि धुण्याचं पाणी यांत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक नको. थंड डेव्हलपरमधून गरम पाण्यात गेलेल्या फिल्मच्या थराला बारीक सुरकुत्यांची जाळी पडते, ती कायमची.

८. वेल्डच्या फिल्मवर खूण दिसते. दोष वेल्डचा आहे की डार्करूमचा, हे कसं ठरवायचं?

याचं उत्तर चुकलं तर चांगला जोड कापला जातो, किंवा वाईट जोड पास होतो.

पहिली पायरी: फिल्म तिरकी धरून परावर्तित प्रकाशात दोन्ही बाजू बघा. ओरखडा, बोटाचा ठसा, पाण्याचा डाग पृष्ठभागावर दिसतो. खरा दोष थराच्या आतल्या काळेपणात असतो, पृष्ठभागावर नाही. दुसरी पायरी: महत्त्वाच्या जोडाला एकाच कॅसेटमध्ये दोन फिल्म घाला. दोन्हींवर त्याच जागी खूण असेल तर ती वेल्डमध्ये शोधा. एकीवरच असेल तर ती फिल्मची.

नेहमी फसवणाऱ्या खुणा अशा. अर्धचंद्राकृती खूण म्हणजे फिल्म हाताळताना मुडपली. एक्स्पोजरआधी मुडपली तर ती फिकट येते, नंतर मुडपली तर गडद, म्हणजे चूक कुठल्या टप्प्यावर झाली तेही कळतं. झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेषा म्हणजे स्थिर विजेची ठिणगी. कोरड्या हवेत फिल्म डब्यातून किंवा कागदातून झटक्याने ओढल्याने ती पडते. खोलीत आर्द्रता ४० ते ६० टक्के ठेवा आणि फिल्म सावकाश काढा. डेव्हलप करण्याआधी डेव्हलपरचा थेंब पडला तर गडद ठिपका, फिक्सरचा पडला तर पांढरा. गोल फिकट ठिपके बुडबुड्यांचे, ते वेल्डमधल्या सच्छिद्रतेशी (अडकलेल्या वायूच्या पोकळ्यांशी) गोंधळवू नका, कारण सच्छिद्रता गडद दिसते. कॅसेटमध्ये फिल्मला लागून असलेल्या शिशाच्या स्क्रीनवर ओरखडा असेल तर तीच खूण प्रत्येक फिल्मवर येते, म्हणून स्क्रीनना क्रमांक द्या.

घनता, म्हणजे फिल्मचा काळेपणा, मोजायला विसरू नका. एएसएमई या अमेरिकन अभियंता संस्थेच्या नियमांत एक्स-रेसाठी किमान १.८, गॅमासाठी २.०, आणि कमाल ४.०. गॅमा किरणांचा सोर्स असलेल्या इरिडियम-१९२ चं अर्धायुष्य सुमारे ७४ दिवसांचं आहे. फिल्म हळूहळू फिकट येऊ लागल्या तर डेव्हलपर बदलण्याआधी सोर्सची आजची ताकद काढून एक्स्पोजरचा हिशेब पुन्हा करा.

९. दातांच्या दवाखान्यात जागा नाही. हात घालायची पेटी चालेल का?

चालेल, पण झाकणाचा रंग बघा. अंबर रंगाचं झाकण जुन्या, मंद फिल्मसाठी असतं. ई किंवा एफ वेगाच्या फिल्मला ते सुरक्षित नाही, लाल झाकण घ्या (प्रश्न ३). पेटी खिडकीजवळ किंवा तपासणीच्या दिव्याखाली ठेवू नका. बाह्यांचं इलास्टिक सैल झालं की प्रकाश तिथूनच आत शिरतो.

१०. लग्नपत्रिकांचं स्क्रीन प्रिंटिंग करतो. मला डार्करूम लागेल का?

पूर्ण काळोख नको. इमल्शनला अतिनील आणि निळा प्रकाश लागतो, म्हणून पिवळ्या दिव्याची, ऊन न येणारी खोली पुरते. बायक्रोमेट मिसळलेलं इमल्शन ओलं असताना कमी संवेदनशील असतं, वाळलं की संवेदनशील होतं. त्यामुळे खरी काळजी वाळवताना आणि वाळल्यावर. पंख्याची कोमट हवा द्या, ४० अंशांच्या वर नको.

बायक्रोमेटचं इमल्शन अंधारातही आपोआप कडक होत जातं, म्हणून लावलेली फ्रेम त्याच दिवशी वापरा. डायझो या दुसऱ्या रसायनाच्या इमल्शनची फ्रेम अंधारात काही आठवडे टिकते. एक्स्पोजरनंतर पाण्याने धुताना अक्षरं उघडलीच नाहीत तर एक्स्पोजर जास्त झालं, फ्रेमला आधीच उजेड लागला, किंवा बटर पेपरवरची शाई पुरेशी काळी नाही. उलट सगळं इमल्शनच वाहून गेलं तर एक्स्पोजर कमी, किंवा थर नीट वाळला नव्हता. पत्रिकेची बारीक अक्षरं असतील तर एका जुन्या फ्रेमवर पट्ट्या पाडून वेळ ठरवा (पद्धत प्रश्न ४ सारखीच).

बायक्रोमेटमधलं क्रोमियम विषारी आहे आणि कातडीतून त्रास देतं. हातमोजे घाला.

११. ऑफसेट प्रेसमध्ये?

प्रोसेस कॅमेरा आणि लिथ फिल्मच्या काळात लाल दिव्याची डार्करूम प्रत्येक प्रेसला असायची. आता नेहमीच्या पीएस (आधीच संवेदनशील थर दिलेल्या) प्लेटला आणि व्हायोलेट लेझरच्या प्लेटला पिवळा उजेड पुरतो. ८३० नॅनोमीटरच्या थर्मल प्लेट साध्या उजेडात हाताळता येतात.

१२. डोळ्यांच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत का बसवलं?

नंबर काढताना रेटिनोस्कोपने बाहुलीतला प्रकाशाचा झोत कसा हलतो ते बघतात, आणि मंद उजेडात बाहुली मोठी राहून तो स्पष्ट दिसतो. रेटिनाची विद्युत तपासणी (ईआरजी) असेल तर निदान २० मिनिटं काळोखात बसवतात. मंद उजेडात बघणाऱ्या रॉड पेशींना सरावायला तेवढा वेळ लागतोच, मधे मोबाइल बघितला तर पुन्हा सुरुवातीपासून.

काचबिंदूच्या एका प्रकारात, अँगल क्लोजरमध्ये, काळोखात तासभर किंवा जास्त बसवून डोळ्याचा दाब पुन्हा मोजण्याची पद्धत होती. दाब पाऱ्याच्या ८ मिलिमीटरने किंवा जास्त वाढला तर चाचणी होकारार्थी धरत. तेव्हा झोपू नका असं बजावलं जाई, कारण झोपेत बाहुली आकसते आणि चाचणी फसते. आता ती क्वचितच करतात.

१३. ल्युमिनॉल फवारलं की रक्त चमकतं म्हणतात. मग वेगळी खोली कशाला?

निळी चमक मंद असते आणि साधारण ३० सेकंदच टिकते. जागा अंधारी करावीच लागते. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून फोकस उजेडात, फवारण्याआधी करून ठेवा. मग दिवे बंद, फवारा, आणि सुमारे ३० सेकंदांचं एक्स्पोजर. उभ्या भिंतीवर भरपूर फवारलं की डाग ओघळतो आणि त्याचा आकार, जो पुरावा असतो, नाहीसा होतो.

चमकलं म्हणजे रक्तच, असं नव्हे. ब्लीच, तांब्याचे क्षार आणि काही भाज्यांमधली पेरॉक्सिडेज विकरंही चमक देतात. ल्युमिनॉल फक्त कुठे शोधायचं ते सांगतं, निश्चितीसाठी वेगळी चाचणी करावीच लागते.

१४. वेस्टर्न ब्लॉटच्या (प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीच्या) फिल्मवर बँडच्या मधोमध पांढरं दिसतं. फिल्म खराब आहे का?

बहुतेकदा नाही. अँटिबॉडीवरचं एचआरपी हे विकर जास्त झालं की त्या जागेवरचा सबस्ट्रेट (चमक देणारं रसायन) काही क्षणांत संपतो, आणि बँडच्या कडाच चमकत राहतात. दुय्यम अँटिबॉडी आणखी पातळ करा. पूर्ण फिल्म काळी आली तर सेफलाइट (प्रश्न ४) किंवा कॅसेटचा गळका कोपरा तपासा. ठिपके ठिपके आले तर मेम्ब्रेनवर सबस्ट्रेट निथळवलेला नव्हता.

१० सेकंद, १ मिनिट, ५ मिनिटं अशा तीन फिल्म घ्या. गडद काळ्या बँडची तुलना आकड्यांत करू नका, तिथे फिल्म संपृक्त झालेली असते. काळोखात फिल्मचा एक कोपरा दुमडायची सवय लावा, नाहीतर डावं-उजवं नंतर कळत नाही.

१५. चिप बनवणाऱ्या खोल्या पिवळ्या का असतात?

फोटोरेझिस्ट ४३६, ४०५ किंवा ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशावर काम करतो. सुमारे ५०० नॅनोमीटरच्या खालचं सगळं गाळलं की उरतो तो पिवळा उजेड. म्हणजे स्क्रीन प्रिंटरची खोली आणि चिपची खोली एकाच तत्त्वावर चालतात, फरक धुळीच्या नियंत्रणाचा.

१६. वापरलेला फिक्सर मोरीत ओतला तर?

ओतू नका. फिल्मवरची न वापरलेली चांदी त्यातच विरघळलेली असते. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ मध्ये एक्स-रे डेव्हलप करण्याचा द्रव रासायनिक द्रव कचऱ्यात, पिवळ्या वर्गात धरला आहे. त्यातून उपयोगी द्रव्य काढून, प्रक्रिया करूनच तो सांडपाण्यात सोडायचा असतो. फिक्सर वेगळ्या कॅनमध्ये साठवून अधिकृत पुनर्प्राप्ती करणाऱ्याला द्या.

कॅनमध्ये डेव्हलपर आणि फिक्सर एकत्र करू नका. अमोनियम थायोसल्फेटचा फिक्सर अल्कलीत अमोनिया सोडतो. ब्लीच तर जवळही नको.

१७. डार्करूममध्ये गेलं की खोकला येतो, बोटांना खाज सुटते. सवय होईल का?

नाही, बहुधा वाढेल. डेव्हलपरमधल्या मेटॉलने कातडीची अॅलर्जी होते आणि एकदा झाली की थोड्या संपर्कानेही उलटते. काही प्रोसेसर-डेव्हलपरमध्ये ग्लुटराल्डिहाइड असतं, तर फिक्सरमधून सल्फर डायऑक्साइड येतो. दोन्हींमुळे दम्यासारखा त्रास होऊ शकतो. नायट्राइलचे हातमोजे घाला, टाक्यांना झाकणं ठेवा, तासाला निदान १० वेळा खोलीतली हवा बदलेल असा पंखा बसवा. हवा टाक्यांकडून बाहेर खेचली जावी, तुमच्या नाकावरून नव्हे. त्रास सुरू झालेला असेल तर डॉक्टरांना रसायनांची नावं लिहून दाखवा.

१८. बोअरचं पाणी जड आहे आणि पावसाळ्यात फिल्मला बुरशी लागते. उपाय?

रसायनं गाळलेल्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात बनवा. धुणं बोअरच्या पाण्याने चालेल, फक्त शेवटची बुडी डिस्टिल्ड पाण्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न राहता ओघळू देणाऱ्या रसायनाचे) थेंब टाकून. पांढरे डाग जातात. जिलेटिन हे बुरशीचं अन्नच आहे. फिल्म पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालू नका, सिलिका जेल ठेवा आणि लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

१९. इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पूर्ण काळोखात काम करता येईल का?

नेहमीच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला इन्फ्रारेड दिसत नाही, त्यामुळे येईल. मात्र ८५० नॅनोमीटरचे एलईडी डोळ्यालाही मंद लाल दिसतात, म्हणून ९४० चे घ्या आणि कॅमेऱ्याच्या पडद्याचा उजेड फिल्मवर पडू देऊ नका. आधी प्रश्न ४ ची चाचणी करा. इन्फ्रारेड फिल्म असेल तर हे अजिबात नको, तिथे हाताचा स्पर्शच वापरायचा.